मोकळ्या सोडलेल्या मात्रा

जिन्यात कुणीतरी बसलंय हे तिच्या लक्षात आलं, तोवर ती अर्धी धून वाजवून बसली होती.

गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बँडचा हॉल होता आणि हॉलच्या मागच्या अंगाला हा जिना. वापरत कुणीच नसे. उंच भिंती, एक अरुंद खिडकी, आणि आवाज असा घुमायचा की क्लॅरिनेटमधून एक सूर सोडला तर तो तळमजल्यापर्यंत जाऊन परत भेटायला यायचा. तालमीआधी ती इथे उभी राहून ओठ आणि बोटं सैल करायची. समोर कागद नाही, कुणी मोजत नाही... मनाला येईल ते. मनाला येईल ते वाजवायची तिची जगात ही एवढीच जागा होती, आणि ते कुणाच्या कानावर पडू नये म्हणून तर हा जिना.

खालच्या वळणावर एक तरुण भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसला होता. शेजारी उघडी छत्री. छत्रीच्या काड्यांवरून पाणी ठिबकत होतं, आणि त्याच्या गुडघ्यावरची बोटं... तिने नीट पाहिलं... तिने मध्येच सोडलेली धून ती बोटं पुढे नेत होती.

"काय करताय इथे?"

त्याने सावकाश डोळे उघडले. "छत्री वाळवतोय."

"जिन्यात?"

"बाहेर पाऊस आहे. बाहेर काही केल्या वाळत नाही ती."

तिला हसू आलं, पण ते तिने दिसू दिलं नाही. तो उठून उभा राहिला, पँट झटकली आणि एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाला विचारावं तसं म्हणाला, "ती धून शेवटी वर का नाही नेलीत? वर जाणार असं वाटलं, आणि तुम्ही थांबलात."

"कुठली धून?"

"आत्ता वाजवत होतात ती."

"मी वाजवत नव्हते. क्लॅरिनेट तपासत होते."

"मग फार छान तपासता तुम्ही," तो म्हणाला, आणि छत्री मिटून काखेत मारून तिच्याच पुढे जिना चढून हॉलमध्ये शिरला.

तिच्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली.

* * *

हॉलमध्ये मावशीने त्याची सगळ्यांशी ओळख करून दिली. मावशी म्हणजे तिची सख्खी मावशी. बँडची मालकीण तीच, डबल बेस वाजवणारीही तीच. आई गेल्यावर हिला तिनेच वाढवलं होतं, स्वतःच्या मुलीबरोबर एका ताटात जेवू घालून. ती मुलगी आता बँडमध्ये ड्रम्स वाजवायची. हातात काड्या नसतील तेव्हा ती चमचे, पेन्सिली, जे सापडेल ते आपटायची, म्हणून तिला सगळे टिपरी म्हणत.

"हे आपले नवे अरेंजर," मावशी म्हणाली. "नदीकाठच्या हॉटेलवाल्यांना मोसमासाठी बँड हवाय. महिनाअखेरच्या शनिवारी ते आपल्याला ऐकणार. तेच ते जुनं वाजवून आता भागायचं नाही. हे लिहून देतील ते वाजवायचं. आणि एक... तिथला मंच आहे एवढासा. दहा खुर्च्या मावतात म्हणे. आपण अकरा. ते कसं बसवायचं तेही हेच बघतील."

एवढं बोलून मावशी बेसच्या तारा जुळवायला लागली, जणू काही सांगितलंच नाही. क्लॅरिनेटवाली मात्र मनातल्या मनात खुर्च्या मोजायला लागली. ट्रम्पेटांशिवाय बँड नाही, ट्रॉम्बोनांशिवाय नाही, सॅक्सोफोनांशिवाय तर नाहीच. पियानो, बेस, ड्रम्स हलणार नाहीत. उरली कोण? टोकाच्या खुर्चीत बसणारी, कागदावर लिहिलेलं बिनचूक वाजवणारी, बँडमधले जिला लाडाने 'घड्याळ' म्हणायचे, ती.

तिचा हा संशय काही हवेतून आलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती एका मोठ्या वाद्यवृंदात होती. शेजारच्या खुर्चीतला क्लॅरिनेटवाला फार गोड. तालमीत तिच्यासाठी कॉफी आणायचा, अवघड जागा समजावून घ्यायचा, तिच्या बोटांकडे तासन्‌तास बघत बसायचा. तिला वाटलं, बोटांच्या निमित्ताने तो आपल्याकडेच बघतोय. मोसम बदलला तेव्हा तिच्या खुर्चीत तो बसलेला होता आणि तिच्या हातात निरोपाचं पाकीट. कॉफीपासूनच आपण सावध व्हायला हवं होतं, असं ती नंतर टिपरीला म्हणाली होती. त्यानंतर गोड बोलणारा माणूस दिसला की ती आधी आपली खुर्ची जागेवर आहे ना ते बघायची.

आणि हा नवा माणूस तर बोलायला लागल्यापासून गोडच बोलत होता.

* * *

पहिल्या तालमीला त्याने कागद आणलाच नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "आधी मला तुम्हाला ऐकू दे. एकेकाला."

मग तो नुसता ऐकत राहिला. ट्रॉम्बोनवाले दोघे भाऊ होते. आपली पाळी येईपर्यंत त्यांतल्या थोरल्याला कंटाळा आला म्हणून त्याने उगाच दोन-चार सुरांची एक गंमत काढली, म्हाताऱ्या माणसाने कुरकुर करावी तशी. सगळे हसले. अरेंजर मात्र कट्ट्यावरून उतरला.

"तेच पुन्हा. आणि धाकटे, तुम्ही त्याच्या खाली, दोन सूर सोडून. सॅक्सोफोन, त्यांची कुरकुर संपली की तुम्ही उत्तर द्या. चिडून नको. समजूत घालता ना घरी, तसं."

चहा येईपर्यंत त्या कुरकुरीचा एक झकास तुकडा उभा राहिला होता. कुणीच तो लिहिला नव्हता आणि सगळ्यांनी मिळून लिहिला होता. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि तो कागदावर उतरवला. उतरवतानाही सगळा वेळ खोडत होता. लिहायचा कमी, खोडायचा जास्त. संध्याकाळपर्यंत त्याच्या पायाशी रबराच्या शेवयांचा ढीग साचला, आणि टिपरीने त्याचं नाव ठेवलं, खोडरबर.

"इतकं खोडता कशाला?" पियानोवाल्या आजोबांनी विचारलं.

"कुणी काय वाजवायचं ते सोपं असतं हो, आजोबा. कुणी कधी गप्प बसायचं ते ठरवायला वेळ लागतो."

आठवड्याभराने त्याने कागद वाटले. टोकाच्या खुर्चीतून क्लॅरिनेटवाली एकेकाचा कागद निरखत होती. ट्रम्पेटवाल्याचा दम अलीकडे कमी पडायचा, त्याला तोडून-तोडून लिहिलं होतं. आजोबांचा डावा हात आखडलेला, तर डाव्या हाताचं काम गुपचूप बेसकडे गेलं होतं. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, आणि तरी प्रत्येकाचा कागद त्याच्या मापाने शिवल्यासारखा. दुसऱ्या कुणी याला कौतुक म्हटलं असतं. तिला मात्र वाटलं, आठवड्याभरात या माणसाने सगळ्यांची दुखणी हेरून ठेवली. आणि माझं?

तिने स्वतःचा कागद उलटला. सुरुवात ठीक होती. दुसऱ्या पानाच्या मध्यावर सूर संपले. पुढे नुसत्या तिरप्या रेघा, मात्रा मोजण्यापुरत्या. वर मागच्या स्वरमेळांची, कॉर्डची नावं आणि एक शब्द. मोकळं.

तालीम संपल्यावर ती कागद घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"हे काय आहे?"

"जागा."

"कसली?"

"तुमची."

"माझी जागा... की मला माझी जागा दाखवायचीय?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्ही नेहमी असं बोलता?"

"कागद अर्धवट असला की बोलते."

"अर्धवट नाही तो. मागचे सगळे काय वाजवणार ते ठरलेलं आहे. त्यांची भिंत पक्की. तिच्यापुढे तुम्ही हवं तिकडे जायचं. संपलं असं तुम्हाला वाटलं की मान हलवायची, तोवर ते तेच तेच वाजवत राहतील."

"आणि मला कुठेच जायचं नसेल तर?"

"तर तुम्ही थांबलेल्या ऐकू याल. तेही ऐकण्यासारखं असेल."

तो हसून बोलला, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याचाही तिला राग आला.

* * *

त्या मोकळ्या जागेत ती रचनेची मूळ धूनच वाजवायची. जशीच्या तशी, सुतात धरून. दर तालमीला. खोडरबर काही म्हणायचा नाही. पुढच्या तालमीला मात्र तिच्या मागच्या लोकांचे कागद बदललेले असायचे. आधी सॅक्सोफोन गेले, मग ट्रॉम्बोन.

"माझं अख्खं पान खाल्लं याने," थोरला ट्रॉम्बोन कुरकुरला, या वेळी तोंडाने.

तिला कळत होतं काय चाललंय ते. एकेक माणूस बाजूला करून हा तिला उघडं पाडत होता. शनिवारी हॉटेलच्या व्यवस्थापकासमोर ती एकटी पडणार, अडखळणार, आणि मग कुणालाच वाईटपणा न घेता एक खुर्ची कमी होणार. किती सफाईदार.

"ताई, तो तुझ्याकडे बघतो," टिपरी म्हणाली. दोघी हॉलच्या खिडकीत कोरडे फडके घेऊन झांजा पुसत होत्या.

"चोरही बघतात. आधी घर बघून ठेवतात."

"चोर इतकं लाजत नाहीत गं. काल तू वळलीस तर त्याने कागद उलटा धरला होता."

"म्हणजे वाचत नव्हता. बघ, मी सांगत होते."

टिपरीने झांजेवर कपाळ टेकलं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तो दोन पेले घेऊन आला. तिने आधी आपली खुर्ची जागेवर आहे ना ते बघितलं.

"कॉफी?"

"नको."

"चहा मागवू?"

"काहीच नको."

"पाणी तरी..."

"पाण्यात काय मिसळलंय?"

त्याने गंभीरपणे एक पेला उचलला, निम्मा प्याला, थोडा वेळ छातीवर हात ठेवून उभा राहिला. "जिवंत आहे," तो म्हणाला. "तुम्ही इतकं कुणाला घाबरलात कधी? म्हणजे... विचारू नये कदाचित."

"विचारू नये," ती म्हणाली. पण तो गेल्यावर तिने उरलेल्या पेल्यातली कॉफी प्यायली. थंड झाली होती. चांगली होती. तिने चोरून दाराकडे पाहिलं, तर तो तिथून बघत होता, आणि या खेपेला दोघांनीही एकदमच मान फिरवली.

असे दिवस. जवळ यावं असं वाटायचं आणि जवळ आलेलं पटायचं नाही. जिन्यात आता ती दार आतून लावून घ्यायची. खिडकीबाहेर गाद्यांच्या दुकानाच्या पत्र्यावर पाऊस वाजायचा, आणि कुणी ऐकत नाहीये याचीच खात्री करत आपण वाजवतोय, हे तिला जाणवायचं. पहिल्यासारखी मजा येईना. जुन्या धुनेत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे. शेवटी वर का नाही नेलीत... या प्रश्नाने नुसता जीव खाल्ला होता.

* * *

शनिवारच्या दोन दिवस आधी टिपरीचा मोठा ढोल मंचावर मावतो का ते बघायला दोघी हॉटेलवर गेल्या. नाचघराच्या काचेच्या दारातून तिला तो दिसला. हातात मोजपट्टी. शेजारी व्यवस्थापक, कडक कॉलरचा, प्रत्येक गोष्टीकडे ती खोटी निघेल अशा नजरेने बघणारा माणूस. मंचावर खुर्च्या मांडलेल्या. तिच्या डोळ्यांदेखत खोडरबरने पियानोशेजारची, टोकाची खुर्ची उचलली आणि लांब भिंतीशी नेऊन ठेवली. व्यवस्थापकाने मान डोलावली.

ती दारातूनच मागे फिरली.

मावशीला विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर मावशीने भाचीसाठी खुर्ची परत मांडली असती, आणि उद्या बँडमधल्या कुणी तसं बोलून दाखवलं असतं. त्यापेक्षा खुर्ची गेलेली बरी. तिने त्यालाच गाठलं.

"काल दुपारी कुठे होतात?"

"हॉटेलवर. खुर्च्या लावत होतो."

"किती?"

"दहा."

"आम्ही अकरा आहोत."

"हो," तो म्हणाला. मग काहीतरी सांगावं असं त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि तिथेच विरलं. "शनिवारी कळेल. तोवर... माझ्यावर सोडा ना."

सोडा. दोन वर्षांपूर्वीही तिला हेच सांगितलं होतं, हाच शब्द वापरून.

पण खरा घाव त्याच संध्याकाळी बसला. शेवटची तालीम. तिची मोकळी जागा आली, तिने ठरल्याप्रमाणे मूळ धून धरली, आणि मागून ट्रम्पेटांनी काहीतरी नवीन उचललं. हळू आवाजात, एक छोटी, उसळून थांबणारी लकेर. तिची बोटं जागच्या जागी गोठली.

ती जिन्यातली धून होती. तिची.

बँड पुढे गेला, ती मागे राहिली. घड्याळ पहिल्यांदाच बंद पडलं. तालीम थांबल्यावर ती एक शब्द न बोलता मागच्या दाराने जिन्यात गेली. तो मागोमाग येणार हे तिला माहीत होतं, आणि तो आला.

"ती लकेर माझी आहे," ती म्हणाली.

"हो. तुमचीच आहे."

नाकबूल करणाऱ्या माणसाशी भांडायची तिची सगळी तयारी होती. कबूल करणाऱ्याचं काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

"चोरलीत तुम्ही."

"मला वाटलं... मागून तुमचंच काहीतरी आलं, तर पुढे तुम्हाला परकं वाटणार नाही. तुम्ही तिथे दर वेळी मूळ धुनेला इतकं घट्ट धरून बसता... पडू की काय अशा. मी मागचे एकेक करून काढून बघितले, की गर्दी कमी झाली तर तुम्ही सुटाल. नाही सुटलात. मग हे सुचलं."

"विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर तुम्ही जिन्यातही वाजवणं बंद केलं असतंत."

"केलं असतं. नसतंही केलं. ते माझं मी ठरवलं असतं ना?" तिचा आवाज जिन्यातून खाली गेला आणि परत आला. "ही एकच गोष्ट अशी होती, जी मी कुणाला शिकवली नव्हती, कुणाला दाखवली नव्हती. आणि ती तुम्ही चारचौघांत वाटून टाकलीत."

गोड काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "त्यातलं चांगलं तेवढं मला दिसलं. विचारायला हवं होतं हे दिसलंच नाही."

आणि त्याने हॉलमध्ये जाऊन ट्रम्पेटांचे कागद मागून घेतले. सगळ्यांसमोर, खाली मान घालून, ती लकेर ओळीनओळ खोडली. कारण कुणाला सांगितलं नाही. "मग आम्ही तिथे काय करायचं?" ट्रम्पेटवाल्याने विचारलं. "काही नाही. थांबायचं." ती दारात उभी राहून बघत होती. आपला विजय झालाय असं तिला वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की त्याच्या मानेवर केस जरा वाढलेत आणि त्याने आज दुपारपासून काही खाल्लेलं दिसत नाही.

* * *

शनिवारी संध्याकाळी नाचघरात दिवे लागले होते. मंचावर दहा खुर्च्या. एकेक जण आपापल्या जागी बसला आणि ती क्लॅरिनेट छातीशी धरून खाली उभी राहिली. मंचावर जायला पाय उचलेना.

तो पियानोच्या आडून आला. "तुमची खुर्ची नाहीये."

"दिसतंय मला."

"तुम्हाला उभं राहायचंय. तिथे." त्याने बोट दाखवलं. पियानोच्या पोटाला जे वळण असतं त्यात, मंचाच्या अगदी पुढे, एका माणसापुरती जागा मोकळी होती. वर एक दिवा. "खुर्चीत बसून तुमचा आवाज ट्रम्पेटांच्या पाठीत जातो. त्या दिवशी मोजून बघितलं. इथून तो पार मागच्या भिंतीपर्यंत जाईल."

ती त्या जागेकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. "आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दोन दिवस जागून काय वाजवायचं ते लिहून काढलं असतंत."

"हे दुसऱ्यांदा. माझ्या वतीने तुम्हीच ठरवताय."

त्याचा चेहरा उतरला. "हो," तो म्हणाला. "लक्षातच येत नाही माझ्या. खुर्ची परत आणू? आजोबा थोडे सरकतील, बसेल कशीबशी. तुम्ही म्हणाल तसं."

आणि तो खरोखरच भिंतीकडे वळला. तिने त्याची बाही धरली. का धरली ते तिलाही कळलं नाही. ओल्या लोकरीचा वास आला, आणि त्याच्या मुठीत रबराचा पार चुरा झालेला दिसला. म्हणजे हाही घाबरलेला होता. इतके दिवस हे आपल्या ध्यानातच कसं आलं नाही?

"राहू दे," ती म्हणाली. "उभी राहीन. पण ठरवलं मी."

"तुम्ही ठरवलंत," तो म्हणाला.

बँड सुरू झाला. कुरकुर आणि समजूत ऐकून पहिल्या टेबलांवरची माणसं हसली. व्यवस्थापक खांबाशी हाताची घडी घालून उभा होता. दुसऱ्या पानाचा मध्य आला, मागचे सगळे थांबले, आणि तिच्या पाठीशी फक्त मावशीचा बेस आणि टिपरीच्या झांजेची हलकी कुजबुज उरली.

तिने मूळ धून धरली. एक आवर्तन, सुतात. आवाज खरंच मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येत होता, जिन्यात यायचा तसा. मान हलवली की सुटका. तिने मान हलवली नाही. दुसऱ्या आवर्तनाच्या तोंडाशी तिने श्वास घेतला आणि जिन्यातली ती लकेर वाजवली. उघड्यावर. दिव्याखाली.

मग ती अर्धी वळली, ट्रम्पेटवाल्याकडे बघितलं, आणि तीच लकेर पुन्हा वाजवली.

कागदावर तिथे रबराच्या खुणा होत्या, पण ट्रम्पेटवाल्याच्या ओठांत ती अजून ताजी होती. त्याने भुवया उंचावल्या. तिने डोळ्यांनीच हो म्हटलं. तिसऱ्यांदा ट्रम्पेटं तिच्याबरोबर आली. चौथ्यांदा ट्रॉम्बोनवाल्या भावांनी खालून कुरकुर लावली, कुणी न सांगता, आणि सॅक्सोफोनांना आपलं उत्तर सापडलं. तिच्या पाठीमागे तिच्याच धुनेची भिंत उभी राहत होती, आणि ती त्या भिंतीला पाठ लावून कुठल्या कुठे चालली होती. अडखळलीही एकदा. टिपरीने तिथे असा काही ठोका दिला की अडखळणंच शोभून दिसलं. शेवटी लकेर त्या थांब्यापाशी आली, जिथून ती वर जाईल असं कुणालाही वाटलं असतं. ती खाली गेली. अगदी खाली, क्लॅरिनेटच्या लाकडी, जाड, ऊबदार तळात. आणि तिथे पोचल्यावर तिने मान हलवली.

पडद्याशी उभा असलेला तो दोन्ही हात डोक्यावर घेऊन हसत होता, स्वतःचा अंदाज चुकल्याच्या आनंदाने.

नंतर व्यवस्थापक मावशीपाशी आला. "मधला तो भाग... कागदावर आहे ना? पुढच्या शनिवारी असाच वाजेल?"

"असाच नाही वाजणार," मावशी म्हणाली. "पण वाजेल."

त्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं, मंचाकडे पाहिलं, अजून टाळ्या वाजवणाऱ्या टेबलांकडे पाहिलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "मोसम तुमचा."

* * *

हॉटेलच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती. भुरभुर चालू होती, दिव्याच्या उजेडात तेवढी दिसणारी. बाकीचे आत खात होते. मावशी, टिपरी आणि हे दोघे सामान चढवत होते.

"एक विचारायचंय," तो म्हणाला.

"विचारा. आता सवय लावून घ्या."

"उद्या दुपारी... माझ्याबरोबर याल?"

"कुठे?"

"कुठेही. तुम्ही सांगाल तिथे."

"कशासाठी?"

"तुम्ही मला आवडता, म्हणून." त्याने हे इतकं सरळ म्हटलं की त्यालाच धक्का बसला. "म्हणजे... जिन्यात बसलो होतो तेव्हा चेहराही पाहिला नव्हता. नुसतं ऐकत होतो. तेव्हापासून. आता तुम्हाला वाटेल, बँडमध्ये टिकायला हा असं बोलतोय..."

"वाटलंच," ती म्हणाली. "लगेच वाटलं. मी काय करू, माझं डोकं आधी तिकडेच जातं."

"मग?"

तिने क्लॅरिनेटची पेटी गाडीत ठेवली. ओल्या बटा कपाळावरून मागे सारल्या. "मग काय. माझा संशय असा एका संध्याकाळीत जायचा नाही. रोज थोडा घालवावा लागेल तुम्हाला. आणि मला तुम्ही कधीपासून आवडायला लागलात ते विचारू नका, माझा मलाच पत्ता लागला नाही."

तो काही बोलायच्या आत मावशीची हाक आली. "अहो, गप्पा पुरेत. बेस कोण आणणार? माझ्या पाठीने आजची रजा घेतलीय."

डबल बेस त्याच्या जाड खोळीत पायऱ्यांच्या वर आडवा पडला होता, झोपलेल्या बैलासारखा. त्याने मानेकडचं टोक धरलं, तिने तळाचं. तो उलटा चालत होता, ती सुलटी. त्याला मागचं काहीच दिसत नव्हतं. त्याला दिसत होती ती फक्त ती.

"डावीकडे," ती म्हणाली. "थोडं अजून. इथे पाणी साचलंय." तो निमूट सरकत राहिला. "आता पायरी आहे. सांभाळ."

तो थांबला. बेस दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिला.

"काय म्हणालात?"

"पायरी आहे म्हणाले."

"त्याच्या पुढचं."

"मावशी ओरडेल," ती म्हणाली, आणि मान वळवूनही तिला हसू लपवता आलं नाही. "चल ना. टाक पाय मागे."

त्याने मागे न बघता पाय टाकला.